चांगुणामायचा सोमवार

कीर्तन ऐकल्यावाचून पंधरा दिवस गेले की मला अन्न गोड लागत नाही. डोणगावजवळच्या आमच्या गावात माझा स्पीकर-मंडपाचा धंदा आहे, तीन एकर कोरडवाहू आहे. पण गोविंदा म्हणून मी खरा ओळखला जातो तो टाळकरी म्हणूनच. महाराजांच्या मागं उभं राहावं, टाळ धरावा, डोळे भरून यावेत, बस. एवढ्यासाठी मी सोनाळ्याला बहिणीकडे जातो, मलकापूरला भाचीकडे जातो, आणि त्या बिचाऱ्यांना वाटतं हा आपल्याला भेटायला आला. म्हणून तर यंदा प्रजासत्ताक दिनाला आमच्या शाळेच्या मैदानावर जे झालं, ते सांगताना तोंडाला कडू पाणी सुटतं.

आमच्या गावची एक रीत आहे. २६ जानेवारीच्या संध्याकाळी कीर्तन ठेवायचं. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण आणि उत्तररंगात, देवादिकांच्या कथेऐवजी, देशाच्या एखाद्या पुढाऱ्याचं चरित्र. कोणाचं, ते कमिटी ठरवत नाही. वर्षाला एक घर, ओळीनं. ज्याची पाळी त्यानं आपला आवडता पुढारी सांगायचा, महाराजांना हार घालायचा आणि सगळ्यात पुढं बसून ऐकायचं. टिळक झाले, गांधीजी झाले, नेताजी तर चार वेळा झाले. ओळ मारुतीच्या देवळापासून सुरू झाली होती. बावीस वर्षांनी ती विहीर ओलांडून पलीकडे गेली, आणि पलीकडचं पहिलं घर चांगुणामायचं. विहिरीपलीकडे बौद्धांची वस्ती.

कमिटीचे अध्यक्ष उकंडराव मला घेऊन तिच्याकडे गेले. अडुसष्ट वर्षांची चांगुणामाय अंगणात तूर पाखडत होती. मेहकरला मास्तर असलेला तिचा मुलगा धम्मरत्न ओट्यावर वह्या तपासत बसला होता. उकंडरावांनी बसायच्या आधीच गुंडाळलेला बॅनर उलगडला.

"बाई, तुमची पाळी आली. बाबासाहेबाचं चरित्र ठेवलं. हे पाहा, छापूनही आणलं."

सूप थांबलं. "मले कोणी विचारलं?"

"त्यात काय विचाराचं? तुमच्या इकडचे म्हणजे बाबासाहेबच. आमाले का माहीत नाई?"

'तुमच्या इकडचे' हे त्यांनी असं म्हटलं, की जसं कोणी डाव्या हातानं प्रसाद द्यावा. मला तिथंच लाज वाटली. पण मी बॅनरचं दुसरं टोक धरून उभा होतो, आणि तसाच उभा राहिलो.

"उकंडराव," चांगुणामाय म्हणाली, "बाबासाहेब माह्या घरात हायेत. सकाळी डोळा उघडला का पयले त्यायचं तोंड पाह्यणं, मंग चूल. पण तुमच्या रितीत आवडता निवडाचा असते न? बाप का कोणी निवडते?"

धम्मरत्ननं वही मिटली. "माय, घे न त्यायचंच नाव. आपल्या वस्तीची पयली पाळी. लोकं काय म्हणतील?"

"लोकं बोलतील तं तू आयकजो, तुह्ये कान चांगले हायेत. मले लालबहादूर शास्त्री पायजे."

"शास्त्री?" उकंडराव हसले. "ते काऊन बापा?"

मग तिनं सांगितलं. ती दुसरीत होती. पासष्टचं साल, लढाई चाललेली, देशात धान्य कमी. शाळेत मास्तरांनी सांगितलं, की पंतप्रधान म्हणतात, सोमवारी संध्याकाळचं जेवण सगळ्यांनी सोडायचं. ही पळत घरी आली आणि आईला म्हणाली, माय, सोमवारी रात्री कोणीच जेवाचं नाई, दिल्लीहून निरोप आला.

"माही माय चुलीपाशी बसली होती. चूल पेटेल नव्हती. इतकी हसली, इतकी हसली. म्हणे, पोरी, आपण तं सोमवार, मंगळवार, सगळेच वार करून राह्यलो. पयल्यांदा मोठी माणसं आपल्या पंगतीले येऊन बसली." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "तवापासून मी सोमवारी रात्री जेवत नाई. गोविंदा, महाराजाले सांगजो. बाकी काई नाई गायलं तरी चालते, पण माह्या मायचा सोमवार गावा. टाळ-मृदंगासंगं कोणी गायलेला मले आयकाचा हाय."

"गातील माय," मी म्हणालो. "माझा शब्द."

आणि योगही कसा, यंदाची २६ जानेवारी सोमवारीच येत होती. मला तर ती देवाचीच खूण वाटली. परतताना उकंडराव मात्र एकच घोकत होते, "बॅनर वाया गेला न बे."

महाराज मीच सुचवले होते. दिवाळीनंतर सोनाळ्याला त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. टिळकांचं चरित्र. त्यात लहानपणी घरात दिव्याला तेल नसतं, आई रातोरात नाकातली नथ काढून गंगाराम सोनाराला विकते, आणि मुलगा म्हणतो, आई, एक दिवस हा देश तुला नथ घालेल. महाराजांनी तिथं आवाज असा मोडला, की मी टाळ खाली ठेवून रडलो. पुढं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मलकापूरला गेलो. तिथं नेताजींचं चरित्र होतं. पुन्हा दिवा विझला. पुन्हा नथ निघाली. सोनार पुन्हा गंगारामच.

रत्नागिरीचा गंगाराम कटकला कसा गेला, असा प्रश्न कोणालाही पडला असता. मलाही पडला, आणि मी तो दाबून टाकला. दोन्ही आयांनी विकली असेल, असं स्वतःला समजावलं. व्यासपीठावर उभ्या माणसाच्या तोंडून भगवंत बोलतो, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. त्या तोंडावर शंका घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती.

सोमवारी चारला महाराज गाडीतून उतरले. अंगाला अत्तराचा असा वास, की मृदंगवाला दोनदा शिंकला. मी पाया पडलो आणि सोमवारची आठवण दिली. फोनवर दोनदा सांगितलंच होतं.

"हो हो. कोण म्हणाले होते तुम्ही, शास्त्री ना?" आरशात बघून फेटा सारखा करत महाराज म्हणाले. "पण गोविंदराव, उपासाचं माझं काही बसवलेलं नाही. आणि उपासानं लोक रडत नाहीत हो. बायकांना आई पाहिजे."

"महाराज, त्या माउलीनं एवढंच मागितलंय. दोन ओव्या चालतील."

"बघू, बघू. चहा कुठं आहे?"

कीर्तन सहाला उभं राहिलं. चांगुणामायनं पांढरं लुगडं नेसलं होतं. हार घातला आणि ती सगळ्यात पुढं, माईकच्या खांबापासून दोन हातांवर बसली. विहिरीपलीकडची माणसं या कीर्तनाला आजवर कडेनं उभी राहायची. आज त्यांची सतरंजी पुढं होती. पूर्वरंग छान झाला, खोटं कशाला बोलू. महाराजांचा गळा गोडच. मी टाळ वाजवत होतो, मध्ये मध्ये स्पीकरच्या मशीनकडे बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, विठ्ठला, आता दोन ओव्या.

उत्तररंग सुरू झाला. "काशी नगरी! अंधारी खोली! बाळ लालबहादूर अभ्यासाला बसला, आणि..."

दिवा विझला.

माझा टाळ हातातच राहिला. पुढं काय येणार ते मला पाठ होतं. आई उठली. नाकाला हात गेला. काशीच्या गल्लीत गंगाराम सोनाराचं दार वाजलं. महाराजांनी आवाज मोडला, तोच, त्याच ठिकाणी, आणि शेल्याचं टोक डोळ्यांना लावलं. मी त्यांच्या बगलेला उभा होतो, चार बोटांवर. त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत होते. शेल्याआडून ते बायकांच्या बाजूला बघत होते, कोणकोण रडतंय ते. अत्तराच्या त्या वासाची किळस आली आणि मी एक पाऊल मागं सरकलो. बायका रडत होत्या. उकंडराव रुमालात नाक शिंकरत होते.

चांगुणामाय रडत नव्हती. मान पुढं काढून ती वाट बघत होती. नथ झाली, आता येईल. देश स्वतंत्र झाला, आता येईल. लढाईचा पोवाडा झाला, आता तर येणारच. महाराजांनी हात वर केले आणि एकदम भारतमातेचा जयजयकार सुरू केला. संपलं.

ती उठली. "महाराज, सोमवार राह्यला."

महाराज हसले, माईकमधूनच. "माउली, भाव घ्या, भाव! वार मोजत बसू नका."

मैदान हसलं. आमचं गाव, आमची माणसं, बावीस वर्षं माझ्याच मंडपात बसणारी, खो खो हसली.

"पण मी तेवढंच सांगतलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्या तीन ओळींपलीकडे गेला नसेल. महाराजांनी मृदंगाला खूण केली आणि तिच्या बोलण्यावर गजर उचलला. लोकांनी टाळ्या धरल्या. देवाचं नाव एका म्हातारीचं तोंड दाबायला वापरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी मशीनपाशी गेलो आणि महाराजांचा माईक बंद केला. दुसरा, बिनवायरचा, तिच्या हातात दिला. गजर फाटक्या पोत्यासारखा खाली पडला.

"मले बोलता येत नाई," तिचा आवाज चारी कर्ण्यांतून निघाला आणि ती स्वतःच दचकली. मग तिनं सांगितलं. शाळेतला निरोप, न पेटलेली चूल, आई काय म्हणाली ते. पाच-सहा वाक्यं. तिला गाता येत नव्हतं, थांबायचं कुठं तेही कळत नव्हतं. "बस, एवढंच," म्हणाली आणि माईक पालथा धरून मला परत दिला.

कोणी हसलं नाही. मग उकंडराव उठून म्हणाले, "चला, चला, पंगत बसवा. भाजी थंडी होऊन राह्यली." आणि माणसं धोतरं झटकत उठली.

महाराज गाडीत बसत होते. मी काचेपाशी गेलो. "महाराज, गंगाराम सोनार नेमका कुठला? रत्नागिरीचा, कटकचा का काशीचा?"

त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "गोविंदराव, सोनार कुठलाही असो. सोनाळ्याला मागं उभे राहून सगळ्यात जास्त तुम्हीच रडत होता, मला आठवतंय. आता तुम्हाला सोनाराचा पत्ता पाहिजे?"

काच वर गेली. त्या माणसाची किळस होतीच. पण त्याहून मोठी किळस अशी होती की तो खरं बोलला होता. सोनाळ्यातलं ते रडू माझ्या अंगावर अजून होतं, आणि धुवायचं कसं ते कळत नव्हतं.

पंगतीत वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. पात्रं वाढून झाली तरी चांगुणामाय शाळेच्या पायरीवर बसून होती. धम्मरत्न तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून उभा होता. उकंडराव वाढता वाढता मोठ्यानं म्हणाले, "पाहा बापा, पुढं बसवलं तरी आपल्या पंगतीत जेवाले तयार नाईत. मंग नावं आमालेच ठेवतात."

अर्ध्या तासापूर्वी त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं चारी कर्ण्यांतून कारण सांगितलं होतं. पंगतीतल्या दोघा-तिघांनी घास चावत माना डोलावल्या. मी माझं पात्र उचललं, मैदानाच्या कडेला उभ्या गाईसमोर ठेवलं आणि उकंडरावांना म्हणालो, "सोमवार आहे अध्यक्ष. कानात बुंदी गेली काय?"

"पुढच्या साली पुढारी कमिटीच ठरवेल," ते म्हणाले. "आणि स्पीकरही डोणगावहून आणू."

"आणा."

मी येऊन पायरीवर बसलो आणि वायर गुंडाळायला लागलो. चांगुणामायनं माझ्याकडे पाहिलं. "जेव न बे. तुहा उपास थोडीच हाय."

"जात नाही माय घशाखाली. मी शब्द दिला होता. पाळला नाही."

"तू मले बोलाले लावलं," ती म्हणाली. रागानं नाही, पण दुखून. "मले सांगाचं नव्हतं गोविंदा. मले आयकाचं होतं. माह्यं मले माहीत हाय."

आयुष्यभर मी ऐकणारा. गळा फाटका, ओवी कधी जोडली नाही, व्यासपीठावर कधी पुढं उभा राहिलो नाही. पण पिशवीत टाळ होते. वायर खाली ठेवली, टाळ काढले. धम्मरत्न पायरीवर बसला. कसाबसा ठेका धरला आणि जो सूर लागला तो लावला.

"सोमवार होता हो... दिल्लीहून निरोप आला..."

"थांब," चांगुणामाय म्हणाली. पाय वर घेऊन ती नीट मांडी घालून बसली, कीर्तनाला बसतात तशी. "दिल्ली मंग घे. पयले माह्या मायची चूल सांग."

मी सूर खाली आणला आणि चुलीपासून सुरुवात केली.