गाय कशी हुडकतात

पाचोडच्या स्टँडवर रत्नमाला एसटीतून उतरली तेव्हा तिच्या पिशवीत पीएच.डी.चं तिसरं प्रकरण होतं आणि त्यावर तिचे मार्गदर्शक काकासाहेब सरांची लाल शाई. प्रकरण शोधाच्या क्रियापदांवरचं. 'शोधणे' म्हणजे मुळात शुद्ध करणं, खडे-माती बाजूला काढणं, हे तिनं छान लिहिलं होतं. 'गवसणे' संस्कृत गवेषणावरून आलं, आणि गवेषण म्हणजे मूळ अर्थानं गायीचा ध्यास, गाय धुंडणं, हेही कोशांचे दाखले देऊन लिहिलं होतं. सरांनी त्या पानाच्या कडेला एवढंच खरडलं होतं, 'पण गाय हुडकतात कशी?'

"हे कोशात मिळायचं नाही," सर म्हणाले होते. "एखादा गुराखी आहे का तुमच्या ओळखीचा? सोमवारपर्यंत लिहून आणा, नाहीतर हे प्रकरण गाळू."

आणि रत्नमाला म्हणाली होती, "बघते सर."

आता बघायचं काय होतं त्यात? तिचे वडील मुंजाबा, घरातले आबा, चाळीस वर्षं गुरं राखलेला माणूस. पाचोडपासून पैठणखालच्या गोदाकाठापर्यंतची, त्यांच्या बोलीत गंगेपर्यंतची, रानं त्यांनी पायांनी मोजलेली. पण संभाजीनगरच्या कॉलेजात शिकवायला लागल्यापासून घरचं काय विचारलं की ती "शेती आहे" म्हणायची. शेती म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. हिनं तर कळसा पदराखाली झाकून ठेवला होता. आबांना विचारायचं आणि 'एक गुराखी' एवढंच लिहायचं, असं तिनं बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

घरी पोचली तर गोठ्यापुढं हा गोंधळ. मोरी गाय पहाटे दावं तोडून गेलेली. गाभण, दिवस भरलेले. धाकटा भाऊ शिवम मोटारसायकलवर तीन रस्ते पालथे घालून आला होता. गावाच्या ग्रुपवर गायीचा फोटोही टाकला होता. अकरा जणांनी हात जोडले होते, गाय कुणीच पाहिली नव्हती.

"कुठं रानात येली तर कुत्री वासरू ठिवायची नाय," आई दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

आणि आबा दगडावर बसून निवांत तंबाखू मळत होते.

"आबा, बसलात काय? हुडका की."

"हुडकायलोच की," आबा म्हणाले. मग आईकडं वळले. "काल पाणी कव्हा पिली?"

"दिस बुडताना."

"अन् चारा?"

"तोंड बी लावलं नाय."

"रातच्याला कुत्री भुकत व्हती का?"

"लई. पार मारुतीच्या पारापसून रस्त्यापस्तोर."

आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उठले. "चल माय," रत्नमालाला म्हणाले. शिवमनं गाडी काढली तर त्याला हातानंच थांबवलं. "गाडीचा आवाज नको तिला."

शिवमनं तोपर्यंत सगळे रस्ते बघितले होते. आबा रस्त्याला लागलेच नाहीत. गावाकडं पाठ करून बांधाबांधानं चालले. रत्नमाला शहरी चपला सांभाळत मागं. तिनं वही काढली आणि पुन्हा पिशवीत टाकली, कारण लिहिताना म्हातारा दिसेनासा होत होता.

"तुम्हाला कसं कळतं आबा, कुठं जायचं ते?"

"आपल्याला कुठं बघावं वाटतं, तिथं जायचं नसतं. तिला कुठं जावं वाटलं असंल, तिथं जायचं. पोटात कळ हाय, कुत्र्याचं भेव हाय. सावली पायजे, वलावा पायजे, अन् मानूस नको. असं ठिकान कुठंय, सांग बरं."

आबा एका मोसंबीच्या बागेमागं ओढ्यात उतरले. तिथं करंजाच्या दाट सावलीत मोरी उभी होती, आणि तिच्या पायाशी ओली, लटपटती कालवड. मोरीनं मान वर केली, आबांना ओळखलं आणि पुन्हा लेकराला चाटायला लागली.

आबांनी आधी पागोटं काढलं. गायीला हात जोडले, मग ओढ्याला. "हुडकनं आपल्याकडं," ते हळूच म्हणाले. "गवसनं तिच्या मर्जीवर. एक हुडकायला आलो, दोन गवसल्या. लई उपकार झाले."

कालवड छातीशी धरून ते निघाले. मोरी हंबरत मागं.

"तू बी अशीच गेली व्हतीस," चालता चालता आबा म्हणाले. "पाचवीत. आमी गुरं घिऊन गंगंकडं निघालो अन् तू गायब."

तो दिवस रत्नमालाच्या लक्षात होता. तिला कळपाबरोबर न्यायचं ठरलं होतं, शाळा कायमची सुटणार होती. "लोक विहिरी बघत होते," ती म्हणाली.

"व्हय. इहिरी बघायले, स्टँड बघायले. म्या बसलो, इचार केला. अन् शाळंत आलो. सुट्टी व्हती, कुलूप व्हतं. तू खिडकीखाली पाटी घिऊन बसलेली."

"आणि मग गुरुजींनी तुम्हाला समजावलं. म्हणून मला मावशीकडं ठेवलं."

गुरुजींचे आभार तिनं प्रबंधाच्या पहिल्याच पानावर मानले होते.

"गुरुजी कुठून येत्यात? सुट्टीत त्यांच्या गावी गेल्ते." आबांनी कालवड जरा वर सरकवली. "तू कुठं गवसलीस ते बघितलं. मग तिथून कसं नेऊ तुला?"

रत्नमाला बांधावरच थांबली. वीस वर्षं ती भलत्याच माणसाला हात जोडत आली होती. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. आबा पुढं निघून गेले तेव्हा तिनं मोबाईल काढून सरांना फोन लावला.

"सर, गुराखी तुम्ही विचारलात तेव्हाही माहीत होता. माझे वडील आहेत. मी सांगितलं नव्हतं."

"अहो, मग द्या ना त्यांना," काकासाहेब सर म्हणाले.

आबांचे दोन्ही हात अडकलेले. तिनं त्यांना गाठून, स्पीकर लावून फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

"नमस्कार. आपण रत्नमालाचे वडील ना?"

आबांनी आधी लेकीकडं पाहिलं, सांगू का, असं विचारल्यासारखं. म्हणजे लेक आपल्याला झाकून ठेवते, हे त्यांना ठाऊक होतं. एवढी वर्षं ठाऊक होतं.

तिनं मान हलवली.

"व्हय सायेब," मुंजाबा म्हणाले. "लेक माझीच हाय."