सात तुकड्यांच्या चाकाचा फर्मा

मित्रांनो, मी एक जुना फर्मा आहे, आणि फार भित्रा आहे. जात लाकडाची, वस्ती सुताराच्या दुकानात, आणि थंडीत तिथेच शेगडी पेटते. भ्यायचं नाही तर काय करायचं?

जपानातल्या आमच्या डोंगरगावात वसंतातल्या उत्सवात देवाचा रथ निघतो. त्याच्या प्रत्येक चाकाचं कडं सात वाकड्या तुकड्यांचं असतं. मी त्या तुकड्याचा फर्मा. तोकुजी सुतारांच्या वडिलांनी मला देवदाराच्या पातळ फळीतून कापलं. मला लाकडावर ठेवायचं, कडेने शाईची रेघ मारायची आणि करवत चालवायची. साठ वर्षं हेच काम केलं. "हा आहे तोवर रथ चालणार," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. पुढे चाकं टिकाऊ निघाली. मग वर्षानुवर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गेल्या उत्सवात मात्र उतारावर एका चाकाला तडा गेला. तोकुजींचा मुलगा गेन्ता त्याच चाकापाशी चालतो आणि दांडा घालून रथ वळवतो. चाक मोडतं, तर रथ थेट त्याच्या अंगावर आला असता. त्या दिवसापासून घरात नव्या चाकाशिवाय दुसरा विषय नव्हता.

तोकुजींचे हात आता थरथरतात. म्हणून त्यांच्या मुलीने, सायोने, मला आकड्यांवरून लाकूड कापणाऱ्या सीएनसी मशीनवर नेलं आणि घट्ट आवळलं. तिचं पातं बसवायची जागा बरोबर माझ्या डोक्यावर होती. माझी पाचावर धारण बसली! पण तिने पात्याऐवजी एक बोथट, गोल पिन लावली. पिन माझ्या कडेला टेकवायची आणि बटण दाबायचं, की ती जागा आकड्यांत नोंदली जायची. अशा दोनशे जागा तिने नोंदल्या. मग पडद्यावर माझा आकार उमटला.

"झालं बाबा! आता फर्मा नसला तरी चालेल," सायो म्हणाली.

मला धडकी भरली. तोकुजींनी माझ्यापुढे हात जोडले.

"साठ वर्षं राबला बिचारा. त्याला कोपऱ्यात कुजवायचं नाही. परवा देवळात अग्नी आहे, मानाने निरोप देऊ."

मान म्हणे! जानेवारीच्या मध्यात देवळाच्या अंगणात जुने ताईत आणि दारावरचे पेंढ्याचे हार रचून जाळतात. त्याच ढिगात मला ठेवलं. अंगावर तांदळाची दारू शिंपडली. सगळे वाकून नमस्कार करत होते, आणि मी आतल्या आत ओरडत होतो. पोरं काठ्यांना तांदळाचे गोळे टोचून भाजायची वाट पाहत उभी होती. खालून आग लावली आणि ढिगातले बांबू फटाफट फुटू लागले.

तेव्हा दुकानात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. मशीनने कापलेले सहा तुकडे सायोने जोडले होते. सातवा काही केल्या बसेना.

"घाल की हातोडा!" गेन्ता म्हणाला.

"ठोकून बसवलेलं चाक उतारावर फुटतं, दादा. आणि तिथे तू असतोस."

"मग आकडे चुकले असतील."

"कुठे चुकले तेच कळत नाही ना! फर्म्याला लावून बघते, म्हणजे... अगंबाई, फर्मा!"

ती धावत आली तेव्हा माझं डावं टोक पेटलं होतं. तिने एका म्हाताऱ्याच्या हातातून दाताळं हिसकावलं.

"अगं ए! देवाला दिलेलं परत घेतेस? पाप लागेल!"

"लागू दे, आजोबा! रथ तुमच्याच नातवंडांनी ओढायचाय ना?"

तिने मला ओढून काढलं आणि बर्फात दाबलं. मी नुसता चरचरत होतो.

दुकानात तिने मला नव्या तुकड्यावर ठेवलं. माझ्या शाबूत कडेच्या बाहेर तो सगळीकडे तीन मिलिमीटर जास्त होता. सायोने कपाळावर हात मारला.

"पिनेची जाडी! मशीनने पिनेच्या मध्याची जागा नोंदली, टेकलेल्या कडेची नाही. अर्धी जाडी वजा करायची राहिलीच!"

तिने दुरुस्ती केली आणि सातही तुकडे पुन्हा कापले. या वेळी कडं हातोड्याशिवाय जुळलं. तोकुजी किती तरी वेळ माझी जळकी बाजू चोळत बसले.

वसंतात रथ उतारावरून आला. मी भिंतीवरून कान देऊन ऐकत होतो. चाक करकरलं की माझा जीव कासावीस व्हायचा. संध्याकाळी गेन्ता घामाघूम होऊन धडधाकट आत आला आणि "जेवायला काय आहे?" म्हणाला. तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

मित्रांनो, नवी प्रत हाती आली की जुन्याला निरोप द्यायची घाई करू नका. आधी नव्यावर भार टाकून पाहा. माझं डावं टोक आता फक्त त्या आकड्यांतच उरलं आहे, आणि उरलेला मी जपला तरच ते आकडे पुन्हा ताडून पाहता येतील.

थंडी परत आली आहे. पुढच्या आठवड्यात देवळात अग्नी आहे. तोकुजी परवापासून माझ्याकडे फार प्रेमाने पाहू लागले आहेत, आणि मला त्या प्रेमाचीच भीती वाटते.