घरातले तांदूळ वाढले

माघातल्या सकाळी पेणच्या त्या अरुंद गल्लीत ऊन उशिरा उतरे, आणि उतरले की सर्वांत आधी कुसुमताईंच्या केसांवर बसे. त्या केसांत तांदळाचा भुसा इतका मिसळलेला असे, की पिकलेले केस कुठले आणि भुशाने पांढरे झालेले कुठले, हे सांगणे कठीण. त्यांच्या आधी त्यांच्या बांगड्या बोलत.

त्या चालवत ते महिला मंडळाचे धान्याचे दुकान धर्मादाय नव्हते, आणि तसे कोणी म्हटलेले त्यांना खपत नसे. रोह्याकडच्या आतल्या गावांतून वाल येई, आसपासचा तांदूळ येई. ज्याला परवडे तो पुरता भाव देई, ज्याला न परवडे तो जमेल तेवढा, आणि दोघांच्या पिशव्या एकाच मापाने भरल्या जात. दाराशी बाकडे होते. त्यावर कोणी दवाखान्याची चौकशी करी, कोणी मुलाच्या कंपनीतल्या शिफ्टचे गाऱ्हाणे मांडी, कोणी नुसतेच रडे. "रडणं फुकट हाय गो, तांदूळ तेवढं इकत घ्यावं लागंल," असे ताई म्हणत, आणि रडणारी हसू लागे.

त्या वर्षी धरमतरच्या खाडीचे पाणी उधाणाला बांध फोडून खारेपाटातल्या भातशेतांत शिरले. सावित्रीचे शेतही त्यात गेले. ती मोठी मानी बाई; एरवी ती याच दुकानाला तांदूळ विकायला येई. पिशवी घेऊन तांदूळ न्यायला आली ती प्रथमच. ताई आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी मी, आम्ही मागच्या अंगणात वाल वाळत घालत होतो. मापाशी होत्या शुक्लाभाभी, नवऱ्याच्या नोकरीपायी नव्यानेच इकडे आलेल्या, हौसेने मराठी शिकणाऱ्या.

"घरातलं तांदूळ वाढलं," सावित्री त्यांना म्हणाली.

आपल्याकडे तांदूळ संपले असे कोणी तोंडाने म्हणत नाही. कुंकू, मीठ, तांदूळ संपत नाहीत, वाढतात. हे भाभींना कोण सांगणार? त्या मनापासून आनंदल्या. "अरे वा! फार छान झालं!" सावित्रीने मान हलवली, पिशवीची घडी घातली आणि ती निघून गेली.

ही गोड बातमी घेऊन भाभी अंगणात आल्या, तेव्हा ताईंच्या बांगड्या एकाएकी गप्प झाल्या. "अगो, तांदूळ नाय म्हणून सांगाया आलती ती," त्या म्हणाल्या. भाभींच्या डोळ्यांत पाणी आले. "तुमची चूक नाय. आमची भाषाच लाजरी हाय."

एकदा परतलेली सावित्री पुन्हा येणार नाही, हे ताई ओळखून होत्या. तांदूळ घेऊन तिच्या दारी जाणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. म्हणून त्या मला घेऊन रिकाम्या हातांनी निघाल्या. वडखळच्या पुढे रस्ता सोडून आम्ही बांधावरून चाललो. दोन्ही बाजूंची शेते खारवून पांढरी पडली होती, आणि त्यांवरचे ऊन डोळ्यांना बोचत होते.

सावित्रीच्या ओटीवर ताईंनी बैठक मारली. "सावित्री, सकाळपासून पोटात कण नाय गो. भूक लागलीय. काय असंल ते दे."

मला राग आला. त्या बाईकडे काय असणार! सावित्री दाराला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "ताय, मलापण लागलीय. घरात कायच नाय."

"मंग चल माझ्याकडं. दोघी जेवू. जाताना तांदूळ घेऊन जा." सावित्रीने पिशवी घेतली. भूक हा शब्द ताईंनी आधी स्वतःच्या पदरात घेतला, म्हणूनच तो तिला उच्चारता आला.

ताई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. काळाने त्यांचा चेहरा माझ्यापाशीही धूसर करत आणला आहे. पण एखाद्या घरातली माणसे फार गप्प वाटली, की "मला भूक लागलीय" असे मीच आधी म्हणते. आणि समोरचे कोणी मान वर करून "मलाही" म्हणेपर्यंतच्या त्या क्षणात, गेलेल्या कुसुमताई मला अजिबात गेलेल्या वाटत नाहीत.