खापरातला मणी

माझ्या बोटांचा मला फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी आडून बोलायला नको. बदनापूरच्या आसपासच्या सात-आठ वाड्यांत बाळंतपण म्हटलं की तुळजाबाई, म्हणजे मी. मूल आडवं आहे की पायाळू, ते मला पोटावर हात ठेवूनच कळायचं. मूल झालं की पुढचा सव्वा महिना त्याची अंघोळ, शेक, धुरी सगळं माझ्याकडे असायचं. त्यात कुणी लुडबूड केलेली मला खपत नसे.

अंघोळीनंतर बाळाच्या मानेत, काखेत, जांघेत कोरडी पूड लावायची असते. घड्यांत ओल राहिली की कातडी सोलवटते. बायका हाताला येईल ते लावायच्या. तांदळाचं पीठ घामानं आंबतं आणि मुंग्या येतात. राख नीट चाळली नाही तर ओरखडे उठतात, वेखंड जास्त झालं तर आग होते. मी शंखजिरं लावायची. त्या मऊ पांढऱ्या दगडाचा खडा पाट्यावर वाटायचा आणि जुन्या धोतरातून तीनदा गाळायचा. तरी लावण्याआधी माझी एक परीक्षा असे. चिमूटभर पूड अंगठ्यात आणि बोटात धरून कानाशी चोळायची. जरा किरकिर ऐकू आली की परत पाट्यावर. आवाज अजिबात आला नाही तरच ती बाळाच्या अंगाला लागायची. तीस वर्षं या परीक्षेनं मला दगा दिला नव्हता.

ते लढाईचे दिवस होते. आमच्या निजामाच्या मुलखात तोफा नव्हत्या, पण बाजारातून एकेक जिन्नस नाहीसा होत होता. सांडू धनगराच्या घरी मूल झालं तेव्हा माझ्याजवळचं शंखजिरं संपत आलं होतं. सांडू चाळीस मेंढ्यांचा धनी, आणि त्याची बायको आसराबाई. त्यांची आधीची तिन्ही लेकरं, माझ्याच हातावर झालेली, महिन्याच्या आत गेली होती. सटवाईनं नेली असं सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीही तेच म्हणायची. हे चौथं पोर बाहेर येताच असं रडलं की मेंढवाड्यातल्या मेंढ्या ओरडायला लागल्या. आसराबाई तेव्हा हसली नाही. तिनं नुसतं विचारलं, “जगंल का मावशी?”

“जगेल,” मी म्हटलं. हे मी कुणाला सहसा सांगत नाही. त्या दिवशी सांगून बसले.

बारशाच्या आधी सांडू लोकर घेऊन जालन्याला गेला आणि येताना एक पुडी घेऊन आला. “मावशी, शंखजिरं कुठंच न्हाई भेटलं. जुन्या जालन्यातली सारी दुकानं पालथी घालून आल्तो. पण हे पहा.”

पुडी मुठीएवढी होती, पण तळहातावर ठेवली तशी हात खाली गेला. आत पांढरीशुभ्र पूड होती.

“हे काय रे?”

“सफेदा. रंगाच्या दुकानावर एक तमाशातला गडी घेऊन राह्यलता. तोंड उन्हानं करपलेलं, दाढीचे खुंट वर आलेले. म्हन्ला, हे लावलं की माझी राणी होती. मंग मी म्हन्लं, गड्याची राणी होत असंल तर माझ्या लेकराला का न्हाई?”

मी हसले आणि चिमूट घेऊन कानाशी धरली. आवाज नाही म्हणजे नाहीच. बोटं एकमेकांवर आहेत हेही कळू नये इतकी ती पूड मऊ होती. पुडी जड होती हे मला कळलं होतं. माझ्या शंखजिऱ्याची एवढीच पुडी याच्या निम्म्यानंही भरली नसती. पण चांगला माल जडच असायचा, असं मी स्वतःला समजावलं आणि सांडूला म्हटलं, “राजाच्या घरी नसेल असा जिन्नस आणलास.” सांडू इतका खूश झाला की त्यानं ती पुडी दोन्ही हातांनी भिंतीतल्या देवळीत ठेवली.

आठ-दहा दिवस पोराचं अंग असं दिसत होतं की शेजारणी बघायला यायच्या. मग ते चिडचिडं झालं. पाय पोटाशी घेऊन रडायचं. पोट टणक झालं. तीन दिवस त्याला शौचाला झाली नाही. चेहरा उतरला, ओठांवर लाली राहिली नाही. आसराबाईनं छातीशी धरलं की दोन घोट घेऊन तोंड फिरवायचं आणि प्यालेलं ओकायचं. मी घुटी उगाळली, ओव्याचं पाणी दिलं, पोट शेकलं. शेजारच्या बाया म्हणायला लागल्या, बिब्ब्यानं डागा. मी त्यांना हाकलून दिलं, पण माझ्या जवळ दुसरं काही नव्हतं. रडून रडून पोराला घाम यायचा, म्हणून मी दिवसातून दोनदा अंग पुसून पूड लावायची. जास्तच लावायची.

आसराबाई फक्त बोटांवर दिवस मोजायची. महिना पुरा व्हायला नऊ दिवस उरले होते.

मी अंघोळीनंतर बाभळीचे निखारे खापरात घेऊन त्यावर बाळाला ओव्याची धुरी द्यायची. पोराला खापरावर आडवं धरलं की अंगावरची पूड निखाऱ्यांत झडायची. रोजच झडायची, कोण लक्ष देतं? त्या दिवशी सकाळी मी खापरातली राख उकिरड्यावर ओतली, तर तळाशी काहीतरी चमकलं. राईच्या दाण्याहून थोडा मोठा मणी होता. बाजूला आणखी दोन बारके होते. मला वाटलं, आसराबाईच्या डोरल्यातलं काही पडलं असेल. उचलला तर बोटाला वजन लागलं. त्याच क्षणी मला ती पुडी आठवली.

मी देवळीतली पुडी पदरात बांधली आणि बदनापूरची वाट धरली. स्टेशनाजवळ पुंजाराम सोनाराचं दुकान होतं. हा गडी माझी चेष्टा केल्याशिवाय राहायचा नाही.

“काय मावशी, माझ्या दुकानात कोण अडलंय?”

मी मणी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं नखानं दाबला, ऐरणीवर ठेवून हलकेच ठोकला. मणी चपटा झाला. मग त्यानं तो कागदावर ओढला आणि कागदावर करडी रेघ उमटली. पुंजारामचं हसू गेलं.

“कुठून आणलं?”

“निखाऱ्यातनं. हे निखाऱ्यात पडत होतं.” मी पुडी सोडली.

त्यानं कोळशाला टोकरून खळगा केला, त्यात चिमूटभर सफेदा ठेवला आणि दिव्याची ज्योत फुंकणीनं त्यावर वळवली. मी वाकून पाहत होते. पांढरी पूड आधी हळदीसारखी पिवळी झाली. मग तिच्यात करडे ठिपके उठले. पुंजाराम गाल फुगवून फुंकत होता. एकाएकी ते सगळे ठिपके थरथरले, एकमेकांकडे धावले, आणि कोळशाच्या खळग्यात एक चकचकीत थेंब गरगर फिरायला लागला.

मी आयुष्यभर पोटातून माणूस बाहेर येताना पाहत आले. त्याचं नवल मला कधी कमी झालं नाही. पण त्या कोळशावर जे जन्माला आलं ते पाहून मी मागे सरले. जे माझ्या बोटांना सायीहून मऊ लागलं होतं, त्याच्या पोटात हे दडलं होतं, आणि तीस वर्षं मुरलेल्या माझ्या कानाला त्याचा काही आवाज आला नव्हता.

“शिसं हाय मावशी,” पुंजाराम म्हणाला. “बंदुकीची गोळी करत्यात ते. आमी चांदी साफ करायला वापरतो. माझा चुलता जलमभर तेच करत व्हता. त्याच्या पोटात अशी मुरड पडायची की जमिनीवर लोळायचा. आठ-आठ दिवस परसाकडं न्हाई. तोंड पांढरंफटक. मरायच्या आधी मनगटं लुळी पडली. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नव्हता.”

“अरे, पण हे तर अंगाला लावलेलं. खाल्लं कुणी?”

“लेकरू मूठ चोखतं का न्हाई? आईच्या छातीला ही पूड लागती का न्हाई? लावताना उडती ती कुठं जाती?” मग त्यानं विचारलं, “आणलं कुणी हे?”

“बापानं.”

“आन पारखलं कुणी?”

मी पुडी बांधायला लागले तर तो म्हणाला, “जाळू नका बरं का. धूर त्याहून वाईट. हिरीपासून लांब, खोल पुरा.”

परतीची वाट दोन कोसांची होती. दोन कोसांत माणूस स्वतःला बरंच काही पढवू शकतो. मी मनात वाक्यं जुळवत होते. बाजारातच खोटा माल आला म्हणावं. सांडूला अक्कल नाही म्हणावं. त्यात खोटं काहीच नव्हतं. सांडूनंच आणलं होतं, सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. मी गप्प राहिले असते तर सात-आठ वाड्यांत माझं नाव होतं तसंच राहिलं असतं.

दारात पोचले तेव्हा आतून पोराचं रडणं ऐकू येत होतं. पण ते रडणं पहिल्या दिवसाचं नव्हतं. बारीक, दमलेलं होतं.

मी आसराबाईसमोर बसले आणि तो चपटा मणी तिच्या हातावर ठेवला. “हे त्या पुडीतनं निघालं. विष आहे. सांडूनं भोळेपणानं आणलं, पण चांगलं आहे म्हणून मी सांगितलं. माझ्या हातानं मी रोज लावलं. जड लागलं होतं, तरी लावलं.”

सांडूनं रिकाम्या देवळीकडे पाहिलं. आसराबाईनं मणी उलटून पाहिला. मग तिनं एवढंच म्हटलं, “आता काय करायचं ते जल्दी सांगा.”

आम्ही पोराला कोमट पाण्यानं तीनदा धुतलं. मानेची एकेक घडी उघडून, बोटांच्या बेचक्या, नखं, कानामागे. आसराबाईनं छाती धुतली, लुगडं बदललं. खापर, दुपटी, लंगोट, पुडी, सगळं सांडूनं माळावर कमरेइतका खड्डा खणून पुरलं. पोर सावरेपर्यंत अंघोळही बंद ठेवली, मग करायला काही उरलं नाही. माझ्यासारख्या बाईला काही न करता बसणं किती कठीण गेलं ते मलाच माहीत.

चौथ्या दिवशी पोराला शौचाला झाली. त्या घरात त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा बारशालाही झाला नव्हता. सहाव्या दिवशी ते पोटभर प्यालं आणि झोपलं. पुंजारामच्या चुलत्याच्या नशिबी हे नव्हतं. पोर लहान होतं, दिवस थोडे गेले होते, म्हणून निभावलं. याहून जास्त मला कळत नाही, आणि कळतं असं आता मी म्हणतही नाही.

महिना पुरा झाला त्या सकाळी मी दारापर्यंत गेले आणि पाऊल आत जाईना. आसराबाईनं आतून हाक मारली, “पाणी निवून राह्यलं मावशी.”

“आसरा, आता तूच घाल त्याला अंघोळ. मी दाखवते. माझ्या हातांचा मला भरवसा नाही.”

ती पोराला घेऊन बाहेर आली. उघडं पोर तिनं माझ्यापुढे धरलं. “माझी तीन लेकरं गेली. दर बारीला लोकं म्हन्ले, सटवाईनं नेलं. तुमीबी म्हन्ल्या. का गेली ते मला कुणीच सांगितलं न्हाई. ह्या बारीला तुमी सांगितलं. धरा.”

मला त्या तिघांची अंगं आठवली. त्यांना मी काय लावलं होतं, काय पाजलं होतं, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. मला आठवलं नाही. आसराबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी काय आठवते आहे ते तिला माहीत असावं. तरी तिनं हात मागे घेतले नाहीत.

मी पोराला घेतलं. अंघोळ घातली, मऊ फडक्यानं घडी न् घडी टिपून कोरडी केली. सवयीनं हात देवळीकडे गेला आणि रिकामा परत आला. तीस वर्षांत पहिल्यांदा मी पूड न लावलेलं बाळ उजेडात धरून नीट पाहिलं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी पातळ कातडी, तिच्याखाली निळसर शिरा, आणि काखेत जरा ओल राहिली होती तिथं मी फुंकर घातली. पोरानं अंग आक्रसलं आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“काय लावायचं आता?” सांडूनं दारातून भीत भीत विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “पुरेसं आहे हे.”