गाडी बाजूला घेतली का?

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकणारा चुकला की ते तो दाबत, गाडी जागच्या जागी उभी करत आणि मग अशी खरडपट्टी काढत की लायसन्स नको पण मास्तर आवरा, असं त्या बिचाऱ्याला होऊन जाई. इतकी वर्षं शेजारी बसून ब्रेक दाबल्यामुळे ती सवय हाडीमाशी भिनली होती. घरी टीव्हीवर एखादी गाडी अंगावर आली तरी त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जाई. मुलगा हसायचा. म्हणायचा, "बाबा, फरशी झिजेल."

दर रविवारी गॅरेजच्या वरच्या खोलीत मास्तरांचा वर्ग भरे. लोकांच्या डॅशकॅममध्ये, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात सापडलेले, थोडक्यात टळलेले अपघात ते भिंतीवर दाखवत. गल्लीतून सुसाट आलेला सायकलवाला, उभ्या गाडीचं अचानक उघडलेलं दार, उलट्या बाजूने येणारा एखादा महाभाग. टक्कर होणार एवढ्यात ते चित्र थांबवत आणि विचारत, "इथे तुम्ही काय केलं असतं?" नशीब हा शब्द काढायचा नाही. काढला की उभं राहायचं, मग तो कितीही मोठा साहेब असो. प्रत्येक अपघाताच्या आधी एक क्षण असा असतोच, जेव्हा भानावर असलेल्या माणसाला काहीतरी करता येतं, यावर मास्तरांची श्रद्धा होती. देवावर नसेल इतकी.

चालत्या गाडीत फोन उचलणारा माणूस तर त्यांच्या डोक्यातच जाई. आरसा बघा, इंडिकेटर द्या, गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा आणि मग बोला. पण नुसतं सांगून गप्प बसतील तर ते मास्तर कसले. ते परीक्षा घेत. जुने विद्यार्थी रस्त्यावर असतील अशी वेळ साधून मुद्दाम फोन लावत. पलीकडून इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली की स्वारी खूश. नुसता इंजिनाचा घरघराट आला की त्या माणसाची धडगत नसे. एकदा वर्गात एका बाईंनी विचारलं होतं, "सर, उचललाच नाही फोन तर?"

"मग घरी बसलेल्याने काळजीने मरायचं का?" मास्तर म्हणाले होते. सगळा वर्ग हसला होता. त्या बाईसुद्धा.

सगळ्यात जास्त परीक्षा दिली ती मुलाने. औषधांच्या कंपनीचा माल घेऊन तो गावोगाव फिरायचा. बाप कधी फोन करील याचा नेम नसे, आणि तो कधीच नापास झाला नाही.

तो गेला तेव्हा गाडी रस्त्याखालच्या खड्ड्यात उलटी पडलेली सापडली. मागून ट्रकने उडवली होती. ट्रकवाल्याने जबाब दिला की या गाडीने रस्त्याच्या मधोमध कचकन ब्रेक मारला, मी तरी काय करणार. शेजारीपाजारी हळू आवाजात म्हणू लागले की डुलकी लागली असेल. मास्तरांनी कोणाशी वाद घातला नाही. वर्ग बंद केला. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे आणि सुनेने पुढ्यात ठेवलेलं कसंबसं पोटात ढकलायचे.

तो गेला त्या संध्याकाळी त्यांनी त्याला फोन केला होता. टिकटिक ऐकली होती. "बाबा, गाडी बाजूला घेतलीये. बोला," एवढं तो म्हणाला आणि फोन बंद पडला. रेंज गेली असणार, असं त्यांनी धरून चाललं. मग त्याने गाडी सुरू केली असणार. मग पुढे कुठेतरी ते झालं असणार. या 'मग'वर मास्तर जगत होते. फोनबद्दल ते सुनेजवळ एका शब्दाने बोलले नव्हते.

पोलिसांनी सामान परत दिलं, त्यात घड्याळ होतं, न उघडलेला डबा होता आणि कोणी लावूनही न बघितलेलं डॅशकॅमचं कार्ड होतं. डॅशकॅम मास्तरांनीच स्वतःच्या हाताने बसवला होता. सून कार्ड घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे खोल गेले होते.

"बाबा, मला नाही बघवणार. तुम्ही बघा."

"काय करायचंय आता बघून?"

"त्या दिवशी सकाळी मी त्याला फार लागेल असं बोलले. भांडण कशाचं होतं तेही आता धड आठवत नाही. तो डबा घेऊन तसाच निघाला, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. सगळे म्हणतात त्याचं लक्ष नव्हतं. माझ्यामुळे नव्हतं का, एवढंच मला सांगा. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही."

मास्तरांनी कार्ड घेतलं. खोलीचं दार लावून घेतलं आणि लॅपटॉप उघडला.

मुलगा सुरेख चालवत होता. पुढच्या गाडीपासून नीट अंतर ठेवलेलं, घाई नाही, हॉर्नची पिरपिर नाही. मध्येच तो स्वतःशी गुणगुणला. भांडून आलेल्या माणसाचं ते गुणगुणणं नव्हतं. मास्तरांना तशाही स्थितीत अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून स्वतःची शिसारी आली.

मग फोन वाजला. "आले परीक्षक," मुलगा हसून म्हणाला. टिकटिक सुरू झाली. रस्ता हळूहळू बाजूला सरकला, पांढरी रेघ ओलांडून गाडी कडेच्या मातीत थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, गाडी बाजूला घेतलीये. बोला."

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. त्यांनी जीव खाऊन दाबला. पण गाडी तर उभीच होती. चित्र एकदम उसळलं, काच फुटल्याचा आवाज झाला आणि पडदा काळा झाला.

त्यांनी ते पुन्हा लावलं आणि टक्कर होणार एवढ्यात थांबवलं. इथे तुम्ही काय केलं असतं? मुलाला करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. त्याने सगळं केलं होतं. ते आणखी मागे गेले, मागे जात जात फोन वाजायच्या आधीच्या त्या गुणगुणण्याशी येऊन थांबले. तो क्षण इथे होता, आणि तो गाडीत नव्हता. तो या खोलीत, याच खुर्चीवर, त्यांच्या हातात होता.

दाराबाहेर सून उभी होती. तिला काहीही सांगता आलं असतं. कार्ड खराब झालंय, काही दिसत नाही, असं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं आणि जन्मभर स्वतःला कोसत राहिली असती. मास्तरांच्या मनात ते आलं, नाही असं नाही.

त्यांनी दार उघडलं.

"तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही. गाणं गुणगुणत होता तो. गाडी कडेला उभी होती, हँडब्रेक लावलेला होता. ट्रकवाला खोटं बोलला."

ती दाराशीच बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मास्तर दाराची चौकट धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि वर बघितलं.

"पण मध्येच थांबला कशाला होता?"

"फोन आला होता."

"कोणाचा?"

"माझा."

"काय काम होतं, बाबा?"

"काही काम नव्हतं," मास्तर म्हणाले. "गाडी बाजूला घेतो का, ते बघायचं होतं."