स्पेअरच्या ओळी

चाकणला गुरुवारची सुट्टी असते, आणि सगळ्यांच्या सुट्टीतच माझ्यासारख्यांच्या कपाळी काम असतं. मशीन बंद असतं तेव्हाच त्याचा कंट्रोलर, म्हणजे त्याचं डोकं, बदलता येतो. निघोजेच्या या प्रेस शॉपमधली पत्र्याला दाबून आकार देणारी मोठी प्रेस जुन्या कंट्रोलरवर चालायची, आणि तो बनवणाऱ्यांनीच आता हात वर केले होते. मला नवा बसवून शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टला प्रेस चालू करून द्यायची होती.

वायरी जोडणं सोपं. खरी कटकट नावांची. कंट्रोलरला येणाऱ्या प्रत्येक वायरीला प्रोग्राममध्ये एक नाव असतं: हे अमुक बटण, हे तमुक दार, हा सेन्सर. जुन्या सॉफ्टवेअरमधली नावं नव्याला जशीच्या तशी पचत नाहीत. म्हणून पिंपळे सौदागरला घरी बसून मी रूपांतराचा एक छोटा प्रोग्राम लिहून आणला होता. त्याने सगळा तक्ता भराभर बदलून दिला. अडल्या फक्त ‘स्पेअर’ नावाच्या ओळी. जुन्याला एकच नाव दहा ठिकाणी चालायचं, नव्याला चालेना.

स्पेअर म्हणजे रिकामी जागा, तिथे वायरच नाही. रिकाम्या जागांची नावं कशाला वाहून न्यायची? मी त्या ओळी उडवल्या. त्यातली एक प्रोग्राममध्ये वापरलेली निघाली, म्हणून नवं सॉफ्टवेअर लाल ओळ दाखवून अडून बसलं. मी वैतागले. त्या जागी ‘सगळं ठीक’ असं कायमचं लिहून टाकलं आणि लाल ओळ गेली. नीटनेटक्या कामाचा मला भारी सोस आहे.

दुपारी तपासणीला सुरुवात केली. मेंटेनन्सचा प्रमुख निरंजन माझ्या पाठीशी उभा राहून दर दोन मिनिटांनी “झालं का मॅडम?” विचारत होता. असा माणूस मागे असला की माझं डोकं फिरतं. प्रेसवर सोनबा होता, निघोजेचाच, या मशीनवर केस पांढरे केलेला. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो. दोन खांबांमधून किरण जातात, मध्ये हात आला की सिग्नल तुटतो आणि प्रेस थांबते. सोनबाने हात घातला. प्रेस जागच्या जागी थांबली.

“दिसला बरं का माझा हात तिला,” तो खुशीत म्हणाला. प्रेसला तो ‘ती’च म्हणायचा.

दारं तपासली, बटणं तपासली. तक्त्यात होतं ते सगळं तपासलं. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.

“आता ऑटोवर टाका की,” निरंजन म्हणाला. “वरून फोनवर फोन येतायत.”

पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवलेला होता. प्रेसचा वरचा भाग, कित्येक टनांचा, वर थांबला होता. प्रेसच्या समोर कोणी नव्हतं. सोनबा चहाला गेला असेल असं मी धरून चालले. स्टार्ट दाबलं आणि भोंगा सुरू झाला. भोंगा संपला की प्रेस खाली येते.

पॅनेलचं दार उघडंच होतं. कंट्रोलरच्या कार्डावर प्रत्येक वायरीचा एक बारीक दिवा असतो. त्यातला एक विझला. मी स्क्रीनकडे पाहिलं, तिथे काहीच बदललं नव्हतं. पुन्हा दिव्याकडे पाहिलं. ज्या जागी वायरच नाही तिथला दिवा आधी पेटेल कसा आणि आता विझेल कसा?

भोंगा थांबला. मी तळहाताने लाल बटण हाणलं.

प्रेस अर्ध्यावर येऊन थांबली. ब्रेकच्या आवाजाने शेड हादरली.

“काय केलंत!” निरंजन ओरडला.

“या जागेवर काय जोडलंय?”

“तो मागचा पडदा. गेल्या वर्षी बसवला. जागा स्पेअर होती, तिथेच जोडला.”

“आणि नाव?”

“थांबायची अट चालू प्रेसवरच घालता आली, पण नाव बदलायचं तर प्रेस थांबवून अख्खा प्रोग्राम परत टाकावा लागतो. प्रोडक्शनवाले थांबू देतात होय? आणि इथं सगळ्यांना माहिती आहे की.”

सगळ्यांना माहिती. फक्त प्रेस ज्याच्या डोक्याने चालते त्याला नाही, आणि ते डोकं बदलणाऱ्या बाईलाही नाही. निरंजनच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि मग लाल ओळ आठवून स्वतःच्याही.

“मागे कोण आहे?” मी विचारलं. निरंजनचा चेहरा उतरला. आम्ही दोघं धावलो.

सोनबा मागच्या बाजूला उभा होता, अख्खाच्या अख्खा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“जरा त्याल पुसत होतो,” तो म्हणाला. “भोंगा ऐकला मी. पण म्हणलं, आपण आत हाय म्हणल्यावर ती येतीय व्हय खाली? आमी रोजच असं पुसतो. आन् थांबली की बरोबर! तुमच्या नव्या कॉम्प्युटरलाबी मी दिसतोय, मॅडम.”

हो म्हणून मोकळं होणं फार सोपं होतं. संध्याकाळपर्यंत ती ओळ परत घातली असती, पडद्याला नाव दिलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. आणि सोनबा उद्याही भोंगा ऐकत आत हात घालून उभा राहिला असता.

“नाही दिसलात, सोनबाभाऊ,” मी म्हणाले. “चूक माझी. मी बटण मारलं म्हणून थांबली.”

तो हसला, थट्टा समजून. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, निरंजनकडे पाहिलं. त्याचं फडकं अजून डायवरच पडलं होतं, अर्ध्यावर थांबलेल्या प्रेसच्या खाली. सवयीने त्याने ते घ्यायला हात पुढे केला. मग तो हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.