जोंधळ्याला जोंधळा

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी निलंग्यातल्या आमच्या घराला बाहेरून कुलूप लागले. शेंगाभाज्यांच्या भज्जीचे पातेले, बाजरीच्या उंड्यांची टोपली आणि ताकातल्या आंबिलीचे मातीचे बिंदगे घेऊन सगळी माणसे शेताकडे गेली. स्वयंपाकघरात मी एकटी राहिले. मी चालू होते.

मित्रांनो, मी एक जुनी दिसणारी शेगडी आहे. जुनी नव्हे, जुनी दिसणारी. माझे वय अवघे पाच वर्षांचे. मी विजेवर चालते. अंगाचा रंग दुधावरच्या सायीसारखा, कडेने पितळी पट्टी आणि पुढे दोन गोल बटणे. डावे आचेचे, उजवे घंटीचे. आचेचे बटण फिरवले की प्रत्येक टप्प्याला खट् असा आवाज येतो. बंद धरून असे सात टप्पे आहेत. बटण पूर्ण गोल फिरते, त्याला कुठे अडसर नाही. घंटीचे बटण पिळून सोडले की टिकटिकत मागे येते आणि शेवटी टण् करते. ते फक्त टण् करते. आच बंद करणे त्याच्या हाती नाही. मी चालू असले की खाली एक बारीक लाल दिवा लागतो. एवढाच माझा संसार.

कारखान्यात एक बाई प्रत्येक शेगडीचे बटण कान लावून सात वेळा फिरवत. खटका स्पष्ट आला नाही तर शेगडी मागे जाई. माझा खटका त्यांना पहिल्या फेरीतच पटला. पुढे लातुरात संगप्पांच्या दुकानात वरच्या फळीवर मी अकरा महिने बसून होते. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत आणि काळ्या काचेच्या, बोट लावताच चालू होणाऱ्या शेगड्या घेऊन जात.

एके दिवशी साखराबाई आल्या. सोबत त्यांची नात ज्ञानेश्वरी होती. काचबिंदूने साखराबाईंची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. त्यानंतर गॅसवर एकदा पदर पेटला, म्हणून मुलाने, व्यंकटने, गॅसच काढून नेला. सहा महिने त्या खानावळीचा डबा खात होत्या. संगप्पांनी आधी काचेची शेगडी पुढे केली.

"मावशी, ही घ्या. नुसतं बोट टेकवा, चालू."

"बोट कुठं टेकवायचं ते दिसाया पायजे की रे बाबा."

संगप्पा ओशाळले. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढले. "मंग ही बघा. रेट्रो हाय."

"म्हंजे काय?"

"म्हंजे नवीच हाय, पर जुन्यावानी."

"माझं उलटं हाय," साखराबाई म्हणाल्या. "मी जुनीच हाय, पर नव्यावानी." मग त्यांनी माझे बटण धरले आणि फिरवले. खट्, खट्, खट्. सातव्या खटक्याला त्या हसल्या. "ही बोलती गं ज्ञाना. हीच घेऊ."

घरी आल्यावर ज्ञानेश्वरीने एक काम केले. माझे बटण गोल फिरते, मग बंद कुठे आणि चालू कुठे हे आजीला कसे कळणार? तिने नळ सांधायच्या चिकट मसाल्याने जोंधळ्याचा एक दाणा बटणाच्या कडेवर बसवला आणि दुसरा माझ्या अंगावर, बरोबर 'बंद'च्या जागी. दाण्यासमोर दाणा आला की शेगडी बंद. तिथून एक खटका म्हणजे मंद, तीन म्हणजे मध्यम, सहा म्हणजे पूर्ण.

"जोंधळ्याला जोंधळा भेटला की झालं, आज्जी."

"हाव. आंधळ्याची लिपी केलीस की."

त्या दिवसापासून डबा बंद झाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती चार वर्षे सोन्याची होती. साखराबाई माझ्यावर वरण शिजवत, पिठले हाटत, भाकरीसुद्धा भाजत. हाताने पीठ ओळखत, नाकाने फोडणी, कानाने उकळी आणि बोटाने मला. शेजारणी म्हणत, "डोळस बायांपेक्षा साखराबाईच्या हातच्या वरणाला चव हाय." त्या मला बाय म्हणत. "बाय, जरा दमानं," असे म्हणून एक खटका खाली आणत.

पण गेल्या श्रावणात फोनवर बोलता बोलता त्यांचे वरण करपले. चूक त्यांचीच होती आणि त्यांनी ती सांगितलीही. व्यंकट लातुरात औषधाच्या दुकानात काम करतात. ते दुसऱ्याच दिवशी आले.

"आई, आता एकदा झालं. पुन्हा असं काही झालं तर शेगडी बंद, घर बंद. लातूरला चलायचं. तिथं तुला चुलीपाशी जायचं कामच न्हाई."

"आन् दिवसभर करू काय?"

"बसायचं निवांत."

"निवांत तर मेल्यावर बसायचंच हाय," साखराबाई म्हणाल्या. पण त्यांनी अट मान्य केली. आईची काळजी व्यंकटना खरीच होती. तरी हेही नोंदवायला हवे, की भिंतीवरच्या बोर्डाचे माझे बटण दिवाळीपासून ठिणग्या टाकत होते. ते चालूच ठेवून त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती आणि "वायरमन बोलावतो" म्हणाले होते. वायरमन आला नाही. त्यामुळे माझी पिन कायम लावलेली असे आणि मला बंद करायचा एकच मार्ग उरला होता, जोंधळ्याला जोंधळा.

यंदा येळवशीच्या आदल्या दिवशी व्यंकट आणि त्यांची पत्नी पुनम लातूरहून आले. ज्ञानेश्वरीची परीक्षा होती, ती आली नाही. पुनमने सणासाठी घर झाडून पुसून काढले. सासूला ती आत्या म्हणते आणि तिचा जीवही आहे त्यांच्यावर. दुपारी ती माझ्याकडे वळली.

"आत्या, किती तेलकट झाली हो ही. घासून देऊ का?"

"दे की. पर जोंधळं जपून हां."

"जीव लावून जपते."

तिने पिन काढली. बटणे ओढून काढली, चिंचेच्या पाण्याने घासली, दाण्याभोवती बोटाने हळूच पुसले. दाणा हलला नाही. मग बटणाच्या जागी जी दांडी उरते तीही तिने फडक्यात धरून पिळून पुसली. दांडी फडक्याबरोबर फिरली. खट्, खट्, खट्. तीन खटके. पुनम तेव्हा मोबाइलवर बहिणीशी बोलत होती. बोलणे संपल्यावर तिने बटण पुन्हा बसवले. दांडीला चोहोबाजूंनी दाते आहेत, बटण तिच्यावर कसेही बसते. अगदी काळजीने, दाण्यासमोर दाणा आणून. पिन लावायला मात्र ती विसरली.

दाणा 'बंद' सांगत होता. आत मी तीनवर होते.

मी ओरडले असते, पण मला दोनच आवाज येतात आणि दोन्ही दुसऱ्याच्या बोटांवर अवलंबून आहेत.

पहाटे साखराबाईंनीच चाचपडून पिन लावली आणि भज्जी चढवली. त्यांनी दोन खटके दिले. मी पाचवर गेले. भज्जी धडधडा उकळली.

"आज लई तापून राहिली ही," त्या म्हणाल्या. "दोनवर अशी कधी उकळत न्हाई."

व्यंकट ओट्याशी चहा पीत होते. "आई, खटका मोजायला चुकलीस असशील."

"चार वर्सं मोजते. आज चुकंल?"

"वय झालं, आई. बघतोय म्या."

साखराबाई भज्जी हाटू लागल्या. मित्रांनो, बिघाड त्यांनी ओळखला होता. सगळ्या घरात फक्त त्यांनीच ओळखला होता. पण त्यांचे कोणी ऐकले नाही. आणि माझा लाल दिवा कोणाला दिसला नाही, कारण हात पुसायचे फडके माझ्या पुढच्या पट्टीवर अडकवलेले होते आणि दिवा त्याच्या मागे होता.

नऊला पाच मिनिटे कमी असताना त्यांनी गव्हाच्या खिरीचे छोटे भगुणे माझ्यावर ठेवले आणि घंटी वीस मिनिटांवर पिळली. तेवढ्यात बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. त्यांनी बटण फिरवले, दाण्यावर बोट ठेवले, दुसऱ्या दाण्यावर ठेवले, दोन्ही एकमेकांसमोर आहेत हे पुन्हा एकदा चाचपले. भगुणे तसेच राहू दिले. बंद केल्यावरही माझी तबकडी तासभर कोमट राहते, संध्याकाळपर्यंत खीर नासू नये म्हणून त्या नेहमी तसे करतात. मग कुलूप लागले.

सव्वानऊला घंटी वाजली. टण्. गल्लीत चिटपाखरू नव्हते. येळवशीला अख्खे गाव शेतात असते.

मी तापत राहिले. खीर आधी खदखदली, मग आटली, मग तळाशी धरली. आमच्या भागात वीज जायला निमित्त लागत नाही. उन्हाळ्यात दिवसातून चारदा जाते, कधी भाकरी अर्धी भाजलेली असताना जाते आणि मला दूषणे ऐकावी लागतात. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ती जावी म्हणून वाट पाहिली. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. वीज गेली नाही. गूळ काळा पडला, धूर छताला लागला. फडक्याचे वरचे टोक भगुण्याला टेकले होते, ते तपकिरी झाले.

जळण्याची भीती मला नव्हती. जळणे हेच माझे काम आहे. भीती दुसरीच होती. या बाईने काहीही चुकवले नव्हते. तिचे बोट बरोबर होते, दाणा बरोबर होता. तरी दोष तिच्यावर येणार होता आणि तिची बाजू सांगणारी एकटी मी होते.

नऊ पंचावन्नला कुलूप निघाले. शेतात पुजायच्या पाच दगडी पांडवांना लावायचा चुना घरीच राहिला होता, म्हणून पुनम आणि व्यंकट मोटारसायकलवर परत आले होते. पुनम आधी आत आली. धूर पाहून तिने पदर नाकाला लावला, फडके ओढून फेकले. तिला माझा लाल दिवा दिसला. मग बटण दिसले. जोंधळ्यासमोर जोंधळा. आणि दिवा लागलेला.

ती थिजली. "अगं बाई," ती पुटपुटली, "काल म्या पुसताना फिरलं का काय हे?"

तिने पिन उपटली. एवढ्यात व्यंकट दारात आले.

"काय जळून राहिलंय? शेगडी? आईनं चालूच सोडली?" त्यांनी काळेठिक्कर भगुणे पाहिले. "बघितलंस? म्या बोंबलून सांगत व्हतो. घर पेटलं असतं आज. बस झालं. उद्या सकाळी आठच्या गाडीनं तिला लातूरला न्यायचं."

पुनमने तोंड उघडले.

"चल आता, तिकडं पूजा खोळंबली."

तिने तोंड मिटले आणि चुन्याची वाटी उचलली. बटणाला कोणी हात लावला नाही.

मित्रांनो, दिवसभर त्या करपट वासात बसून मी एकच विचार केला, तो तुम्हाला सांगते. कोणाची वस्तू घासा, पुसा, चकचकीत करा. पण तिच्यावर ज्याचा हात आहे त्याला विचारून ती पुन्हा लावा, आणि लावल्यावर एकदा चालवून बघा. न दिसणाऱ्या माणसाचे सगळे जग एकेका खटक्यावर बसवलेले असते. तुमच्यासाठी ते तीन खटके असतात. आणि तो माणूस म्हणाला, की आज काहीतरी वेगळे आहे, तर त्याचे वय मोजू नका, आधी वस्तू तपासा.

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सगळे परतले. साखराबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी वास घेतला. मग सरळ माझ्याकडे आल्या आणि बटण चाचपले. "बंदच हाय की. मंग वास कशाचा?"

"आई, सकाळी तू चालूच सोडलीस," व्यंकट म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता.

"न्हाई. जोंधळ्याला जोंधळा लावला व्हता म्या. दोनदा बघितला."

"हे भगुणं बघ."

त्यांनी भगुण्यात बोटे घातली. तळाची काजळी नखाने खरवडली. बराच वेळ खरवडत राहिल्या. मग पदराला बोटे पुसली.

"डोळं गेलं तवा म्हनलं, बोटं हायत," त्या म्हणाल्या. "आता बोटं बी गेली म्हनायची."

व्यंकट खोलीत जाऊन कपाटावरची बॅग खाली काढू लागले. साखराबाई माझ्यावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. मी थंड होते. थोड्या वेळाने त्यांनी दाराकडे तोंड वळवले.

"पुनम, चुना न्यायला तू आली व्हतीस न्हवं? तुझं डोळं धड हायत. मला खरं सांग बाई. जोंधळा कुठं व्हता?"

आता घड्याळात सहा वाजून छत्तीस मिनिटे झाली आहेत. पिन काढलेली आहे. आतून मी अजून तीनवरच आहे. पुनम दारात उभी आहे, तिच्या बोटांना चुना लागलेला आहे. तिने अद्याप उत्तर दिलेले नाही.